प्रार्थनेचा तास

आमच्या घरात भांडणं होत नाहीत. लोक याचं श्रेय आमच्या स्वभावाला देतात आणि आम्हीही ते मुकाट्याने घेतो. खरं कारण वेगळं आहे. आमच्याकडे ज्याला जे बोलायचं असेल ते तो संध्याकाळच्या प्रार्थनेत बोलतो. जेवणाआधी आम्ही चौघं टेबलाभोवती डोळे मिटून बसतो आणि एकामागून एक मोठ्याने प्रार्थना करतो. प्रार्थना चालू असताना मध्ये तोंड घालता येत नाही, आणि ती माणसाला उद्देशून नसल्यामुळे तिला उलट उत्तरही देता येत नाही. ही सोय माझ्या सासूबाईंच्या फार लवकर लक्षात आली. "हे प्रभू, या घरातल्या पुरुषाला मोरीतला नळ दुरुस्त करायची बुद्धी दे, कारण तो पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला आहे," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि शेवटी मला सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणावं लागलं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. बायको एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे घरी आल्यावर स्वतःचं आटवायची तिला हौस नसते. सासूबाई सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही. चौथी मुंगी, आमची मुलगी. ती बाहेरून काही ना काही उचलून घरी आणते म्हणून मुंगी. बाटल्यांची झाकणं, तुटका कंपास, एकदा एक गोगलगाय, जी माझ्या बुटात राहायला गेली.

मुंगीची प्रार्थना सगळ्यांत लांब असायची. दिवसभरात जे घडलं ते सगळं ती प्रभूला सांगायची, अगदी कोणाची चप्पल तुटली इथपर्यंत. शाळेत काय झालं, हे आम्ही तिला कधी विचारत नव्हतो. ते आम्हाला घरपोच मिळायचं.

त्या संध्याकाळीही तिची गाडी नेहमीच्या रुळावर होती. "प्रभू येशू, आज मी खडू खाल्ला. थोडासाच. चव काही नसते. बाईंचा घसा बसलाय, तो बरा कर, पण गणिताचा तास झाल्यावर. आणि प्रभू, गाजर म्हणते की तू नाहीसच. तिच्या घरी सगळ्यांना तसंच वाटतं. पण ती डबा अर्धा देते, आणि मला कोणी ढकललं तर ती त्याला ढकलते. तर तू तिच्यावर रागावू नकोस. आणि तू असलास तर मला सांग, म्हणजे मी तिला सांगेन. आमेन."

गाजर म्हणजे तिच्या शेजारी बसणारी मुलगी. तिचं नाक बारा महिने लाल असतं. पण माझं लक्ष त्या नाकाकडे नव्हतं. माझ्या कानात 'असलास तर' हे दोन शब्द अडकले होते. मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सेवक आहे. दर रविवारी दारात उभा राहून गीतांची पुस्तकं वाटतो. आणि माझ्या टेबलावर, माझ्या मुलीच्या तोंडी, असलास तर.

"पोरगी विचार करायला लागली," सासूबाई ताट पुढे ओढत म्हणाल्या. "चांगलं लक्षण आहे."

"तिसरीत?" मी म्हणालो.

"मग काय निवृत्त झाल्यावर करायचा?"

मी विषय वाढवला नाही. पण मला खरोखर भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. 

या भीतीला वाट दाखवली ती पेटीमास्तरांनी. ते मंडळीत पेटी वाजवतात आणि त्यांची चारही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. मागच्या प्रीतिभोजनाला ती मुलं उंचीनुसार रांगेत उभी राहिली आणि एकेकाने वचनांचा एकेक अध्याय न अडखळता म्हटला. सगळी मंडळी घास हातात धरून ऐकत होती. मी त्या मुलांना कधी भांडताना पाहिलं नव्हतं. एकमेकांशी बोलतानाही पाहिलं नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

"शाळेत काय शिकवतात ते तुम्हाला माहीत आहे," पेटीमास्तर म्हणाले. "काय पुसून टाकतात ते माहीत नसतं."

हे वाक्य मी घरी आणून बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "अहो, आज गाजर भेटली. उद्या पोरगी कॉलेजात जाईल, नोकरी करेल, तिथे काय सगळे मंडळीतलेच बसलेत? कधीतरी कोणीतरी विचारणारच तिला."

"पण तोवर मुळं घट्ट होऊ देत."

"आणि शिकवणार कोण?"

"मी."

 सत्र संपेपर्यंत बघा, असं बायको शेवटी म्हणाली.  सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत दम धरला आणि मग डोळे मिटून म्हणाल्या, "हे प्रभू, वादळात नाव सांभाळणारा तू आहेस. ही नाव तर बंदरातच बुडायला निघाली आहे, तेव्हा जरा लवकर ये."

मी चर्चच्या पाळकसाहेबांचाही सल्ला घेतला. त्यांनी तासभर दोन्ही बाजू इतक्या सारख्या मापाने मांडल्या की मी निघालो तेव्हा माझी बाजू कोणती, हेच मला आठवेना. दारात मी विचारलं, "तुमची मुलं शाळेत जातात, ती का?"

"घरात आवरत नाहीत हो," ते म्हणाले. आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि ते लगबगीने आत गेले.

पहिला घाव माझ्या कचेरीने घातला. शिकवायचं तर रजा हवी. मी साहेबांपुढे अर्ज ठेवला आणि खिडकीचं कसं होणार, या काळजीने चेहरा जड करून उभा राहिलो. साहेबांनी वाचायच्या आधी सही केली. "खिडकीचं अडेल," मी आठवण करून दिली. "अडू दे," ते म्हणाले. माझ्या मागे त्यांनी खिडकी बंद केली आणि बाहेर एक पेटी टांगली. लोकांनी तक्रार लिहून तिच्यात टाकायची. तेव्हापासून तक्रारी निम्म्यावर आल्या, आणि हे मला आनंदाने कळवायला तिघांनी वेगवेगळे फोन केले.

दुसरा घाव शाळेचा. मुख्याध्यापकांनी विचारलं, दाखला कोणत्या शाळेसाठी हवा? मी म्हणालो, घरी शिकवणार आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढची शाळा दाखला मागते, मग आम्ही देतो. तुमचं घर मागणी पाठवेल का?" मी म्हणालो, घराच्या वतीने मीच पाठवतो. ते म्हणाले, शिक्का लागेल. पाळकसाहेबांचा शिक्का चालेल का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला शिक्षण कार्यालयाची दिशा दाखवली.

शिक्षण कार्यालयात एक खिडकी होती. एवढी वर्षं खिडकीमागे काढल्यावर मी पहिल्यांदाच खिडकीसमोर उभा होतो. आतल्या माणसाने वर पाहिलं नाही. मग वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही, घड्याळाकडे. मग माझं सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे नक्की काय पाहिजे?" त्याची पद्धत माझ्याशी इतकी मिळतीजुळती होती की मला त्याच्यावर रागावता येईना. बऱ्याच खेपांनंतर त्याने निकाल दिला. घरी शिकवायला परवानगी नाही, कारण तसा नियम नाही. मनाईही नाही, कारण तसाही नियम नाही. "फक्त विषयवार गुण ठेवा. उद्या कोणी विचारलं तर मूल्यमापन दाखवता आलं पाहिजे." दाखल्याचं काय, असं मी विचारेपर्यंत खिडकी लागली होती.

तिसरा घाव जिन्यात बसला. वरच्या मजल्यावर एक विमा एजंट राहतात. आम्ही त्यांना विमावाले म्हणतो. ते म्हणाले, "मुलीला घरी ठेवलंय म्हणे. कसला आजार?" मी म्हणालो, आजार नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे. "असं होय," ते म्हणाले आणि एक पायरी वर सरकले. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत मुंगीला काहीतरी संसर्गाचं झालं होतं. विमावाल्यांच्या बायकोने बादलीभर जंतुनाशक आणून आमच्या उंबऱ्यापर्यंत जिना धुऊन काढला. खाली खेळणाऱ्या मुलांना मुंगीपासून लांब राहायला सांगण्यात आलं. मी दारोदार जाऊन खुलासा केला. त्याने गैरसमज दूर झाला, पण मुलं काही परत आली नाहीत. निरोगी मुलीला शाळेतून काढणारा बाप त्यांच्या आयांना आजाराहून वाईट वाटला असावा.

अशा तयारीनिशी आमची शाळा सुरू झाली. जेवणाचं टेबल हाच वर्ग. घंटा म्हणून मी पेल्यावर चमचा वाजवायचो. मुंगी केस विंचरून, दप्तर घेऊन आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत शाळेला यायची. पहिल्या दिवशी तिने हजेरी घ्यायला लावली. मी नाव पुकारलं, तिने "हजर" म्हटलं, आणि मग आणखी नावं येतील म्हणून ती वाट पाहत बसली.

गणितापासून माझे हाल सुरू झाले. भागाकार मला येतो, असं मी आजवर समजत होतो. मुंगी म्हणाली, "आमच्या बाई असा नाही करत." मी म्हणालो, आता तुझ्या बाई मी आहे. उत्तर दोघांचंही चुकलं. मी आवाज चढवला, तिने मान खाली घातली. शिकवण्याचं काम असं आहे की आपल्याला येत नसलं की समोरचा मठ्ठ दिसायला लागतो. मी तिला ढ म्हणालो. एकदा नाही, त्या आठवड्यात बऱ्याचदा म्हणालो. दर वेळी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा खोकला ऐकू यायचा. त्यांना एरवी खोकला नाही.

मधल्या सुट्टीत मुंगी डबा घेऊन खिडकीत बसायची. आमच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसत नाही, पण सुट्टीचा गलका ऐकू येतो. डबा रोज अर्धा उरायचा. पोरीची भूक कमी झाली, असं मी बायकोला काळजीने सांगितलं. सासूबाई तिथेच होत्या. प्रार्थनेची वेळ नसूनही त्या माझ्याशी सरळ बोलल्या. "भूक तेवढीच आहे. उरलेला गाजरचा असतो."

पंधरवड्याअखेर मी गुण मांडले. गणित चार, विज्ञान पाच, भाषा साडेपाच. हे आकडे बघून मला पेटीमास्तरांची रांगेतली मुलं आठवली. कोणी विचारलं तर हे दाखवणार? तिची सरासरी वर काढेल असा एक तरी विषय हवा होता. मग मला सुचलं, आणि तेव्हा फार अभिमान वाटला होता म्हणून सांगतो. आपण तिला घरी आणलं ते कशासाठी? मग तोच विषय वेळापत्रकात का नाही? मी पहिला तास प्रार्थनेचा ठेवला. दहा गुणांचा. स्तुती, उपकार, पापांची कबुली आणि मागणी, प्रत्येकी अडीच. संध्याकाळची प्रार्थना ही लेखी परीक्षेसारखी खरी परीक्षा, तिचेही गुण धरायचे.

पहिल्या संध्याकाळी मुंगी म्हणाली, "प्रभू, पपा मला ढ म्हणतात. मी आहे का ते तूच सांग, कारण त्यांना भागाकार येत नाही. खिडकीत एक कबूतर येतं, त्याचा एक पाय वाकडा आहे. गाजरला सांग मी आजारी नाही. आमेन."

मी तिला दहापैकी तीन दिले. स्तुती नाही, उपकार नाही, कबुली दुसऱ्याच्या पापांची, आणि परीक्षकाविषयी तक्रार. कबुतराचे गुण कुठे धरायचे, हे मला समजेना. मी तिला समजावून सांगितलं की देवाशी बोलताना इकडचं तिकडचं बोलायचं नसतं, क्रम असतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुंगी हुशार आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं, कारण दुसऱ्याच दिवशी तिला सहा पडले.

बायको म्हणाली, "प्रार्थनेला मार्क?"

"प्रोत्साहन म्हणून," मी म्हणालो.

याच सुमारास दुपारी दार वाजलं. बाहेर एक बाई उभ्या होत्या, खांद्याला पिशवी, हातात कागदांची चळत. शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या सर्वेक्षणासाठी त्या घरोघर फिरत होत्या आणि इमारतीत शिरताच विमावाल्यांनी त्यांना आमचं दार दाखवलं होतं. त्या वेळी मुंगी जमिनीवर बसून टोपलीभर मटार सोलत होती. तो गुणाकाराचा पाठ होता. शेंगेत पाच दाणे, तर अशा बारा शेंगांत किती. पण बाईंना गुणाकार दिसला नाही. त्यांना दुपारच्या वेळी घरकाम करणारी शाळकरी मुलगी आणि लुंगीवर बसलेला बाप दिसला.

त्या माझ्याशी फार मायेने बोलल्या. "हे बघा दादा, परिस्थिती सगळ्यांचीच असते. पण मुलीला कामाला जुंपू नका. मुलगी शिकली तर घर शिकतं." मी म्हणालो, मी सरकारी नोकर आहे. "सुटली का नोकरी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी म्हणालो, रजेवर आहे, मुलीला स्वतः शिकवतो. त्यांनी मटारांकडे पाहिलं. मी तेराचा पाढा म्हणून दाखवायला मुंगीला सांगितलं, तो तिला आला नाही. मी म्हणालो, प्रार्थना ऐका. बाई घाईने म्हणाल्या, राहू दे, राहू दे, आणि पिशवीतून एक फुकटची पाटी, दोन पुस्तकं आणि 'मुलीला शिकवा' असं लिहिलेलं पत्रक काढून माझ्या हातात ठेवलं. सासूबाई चहा घेऊन आल्या. नोकरीत असताना त्याही असंच घरोघर फिरून मुली गोळा करायच्या. दोघींनी माझ्या समोर बसून अडाणी बापांची मनं कशी वळवावीत, यावर बराच वेळ अनुभवाच्या गोष्टी सांगितल्या. मी मटार सोलत राहिलो.

मात्र प्रार्थनेच्या विषयात आमची प्रगती थांबायला तयार नव्हती. मुंगी आठावर गेली, मग नवावर. पाळकसाहेबांचे, पेटीमास्तरांचे, म्हाताऱ्या बायकांचे शब्द तिने बरोबर उचलले होते, जशी ती झाकणं उचलून आणायची. एका संध्याकाळी तिने "हे कृपाळू आणि करुणामय पित्या" अशी सुरुवात केली आणि अशी काही झोकात शेवटाला नेली की मी "आमेन"च्या आधीच "दहा" म्हणालो. ती हसली. त्या सबंध सत्रात तिला पहिल्यांदाच पैकीच्या पैकी पडले होते.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी तिला मंडळीपुढे प्रार्थना करायला बोलावलं. मुंगी व्यासपीठावर गेली. तिचं डोकं कसंबसं वर दिसत होतं. तिने राज्यकर्त्यांसाठी मागितलं, रोग्यांसाठी मागितलं, विधवांसाठी मागितलं, आणि आपण धूळ आहोत असं कबूल केलं. लोकांनी डोळे पुसले. पेटीमास्तरांच्या हातून पुढच्या गीताचा सूर चुकला, आणि ते ऐकून मला जे समाधान वाटलं ते चर्चमध्ये वाटायला नको होतं. बाहेर लोक माझा हात हातात घेत होते. शाळेत हे शिकवलं असतं का, असं मी ज्याला त्याला विचारत होतो.

त्या संध्याकाळी बायकोच्या प्रार्थनेची पाळी आली. ती एवढंच म्हणाली, "प्रभू, माझी मुलगी खडू खायची. ती कुठे गेली ते मला सांग." मला वाटलं, दमली आहे. तिच्या प्रार्थनेत स्तुतीही नव्हती.

सर्वेक्षणवाल्या बाईंनी आपलं काम चोख केलं होतं. मला शिक्षण कार्यालयाचं बोलावणं आलं. खिडकीतला तोच माणूस म्हणाला की मूल शाळेत पाठवा नाही तर साहेबांसमोर उभे राहा. मी विषयवार गुण पुढे केले. त्याने बोट फिरवत फिरवत प्रार्थनेवर आणून ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "हा विषय तपासतं कोण?" त्याने विचारलं. मी म्हणालो, मीच. त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला, आणि त्याने काही तरी बोलायला हवं होतं, असं मला परतताना सारखं वाटत राहिलं.

रजाही संपत आली होती. खरं सांगायचं तर मीही संपत आलो होतो. भागाकाराने माझी झोप उडवली होती. मी मुंगीला घेऊन शाळेत गेलो आणि पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून हात जोडले. मुख्याध्यापक म्हणाले, "प्रवेश कशाला? नाव काढलंच नव्हतं. दाखला दिलाय का आम्ही?" त्यांनी हजेरीपट दाखवला. माझी मुलगी त्या सबंध सत्रात सरकारी शाळेतच होती, फक्त गैरहजर. म्हणजे ज्या शाळेसाठी मी रजा खर्चली, इमारतीत नाचक्की पत्करली आणि कचेरीत हसं करून घेतलं, ती शाळा कागदावर कधी उघडलीच नव्हती.

घरात सगळे खूश झाले. सासूबाईंनी प्रभूचे आभार मानले आणि त्यात माझं नाव घेतलं नाही, याला मी मोठेपणा समजतो. मी खिडकीवर परत गेलो. साहेबांनी ती पेटी काढली नाही. ती अजून माझ्या शेजारी टांगलेली आहे, आणि लोक माझ्यासमोर उभे राहून तक्रार तिच्यात टाकतात.

मुंगी रोज शाळेत जायची आणि संध्याकाळी सुंदर प्रार्थना करायची. सगळं सुरळीत झालं असं आम्ही धरून चाललो. मग एका दुपारी पालकांना भेटायला बोलावलं. बायकोला सुट्टी नव्हती, म्हणून मी गेलो. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अभ्यास भरून काढेल ती. पण फार गप्प झाली हो. शेवटच्या बाकावर एकटी बसते."

"आणि गाजर?" मी विचारलं.

"तिने पुष्कळ दिवस जागा धरून ठेवली होती. दप्तर ठेवायची शेजारी, कोणाला बसू द्यायची नाही. रोज मला विचारायची, कधी येणार म्हणून. मला तरी काय ठाऊक? मग दुसरी एक नवी मुलगी आली, तिच्याशी जमलं तिचं. मुलंच ती." बाईंनी वह्या आवरल्या. "गुडघा बरा आहे ना आता? मैदानात ढकललं कोणीतरी. बरंच रक्त गेलं होतं. तिने सांगितलंच असेल घरी."

मी हो म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं. मुंगी हल्ली घरी पायघोळ पायजमा घालते, तो मला थंडीमुळे वाटला होता. घरी येईपर्यंत मी रस्ताभर गेल्या काही आठवड्यांच्या प्रार्थना आठवून पाहिल्या. राज्यकर्ते होते, रोगी होते, विधवा होत्या. गाजर नव्हती. गुडघा नव्हता. त्या कबुतराचं पुढे काय झालं, हेही मला कळलं नव्हतं. मी रस्त्यात बूट बांधायचं निमित्त करून खाली वाकलो.

संध्याकाळी आम्ही टेबलाभोवती बसलो. बायको आणि सासूबाईंना मी अजून काही सांगितलं नव्हतं. कसं सांगावं, तेच समजत नव्हतं. मुंगीची पाळी आली.

"हे कृपाळू आणि करुणामय पित्या, तू दिलेल्या या सुंदर दिवसासाठी आम्ही तुझी उपकारस्तुती करतो..."

मी डोळे उघडले. नियम मोडून उघडले. तिने हात जोडले होते, पाठ ताठ होती. एकही शब्द चुकत नव्हता. आता तरी म्हणेल, आता तरी म्हणेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. कबुली झाली, मागणी झाली. "आमेन," ती म्हणाली आणि डोळे उघडून तिने थेट माझ्याकडे पाहिलं.

"किती?"

"प्रार्थनेला मार्क नसतात, बाळा," मी म्हणालो.

तिने थोडा विचार केला. "मग कोणी ऐकली का नाही, हे कळायचं कसं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते आणि त्यांनी ते उघडले नाहीत. जेवण निवत चाललं होतं. आता माझी पाळी होती. मी हात जोडले, डोळे मिटले. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला बोलायला काही सुचू नये, याची मला लाज वाटली.

"प्रभू," मी म्हणालो, "मुंगीचा गुडघा फुटलाय."

पुढचं काही येईना.  खुर्ची सरकल्यासारखी वाटली आणि मुंगीचा छोटा हात माझ्या कोपराला लागला.

"पपा," ती मला ऐकू येईल इतपतच म्हणाली, "आधी स्तुती असते."